चिंगोंडोचा ओंडका सभागृहात

पण मग तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा तरी कुणावर? बोलणाऱ्यावर ठेवावा, तर तो उद्या दुसरंच बोलतो. गप्प बसणाऱ्यावर ठेवावा, तर तो कशाबद्दल गप्प बसलाय देव जाणे! मी कापडवाला माणूस, तुम्हाला सांगतो, बायका कमरेला गुंडाळतात त्या चितेंजेच्या ठाणाला नुसतं बोट लावलं की सांगतो, रंग तीन धुण्यांत जाईल की नात वापरेपर्यंत टिकेल. पण ते कापडाचं हो! माणसाचा रंग धुतल्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या मलावीत खासदार धुवायची सोय पाच वर्षांतून एकदाच. मधल्या काळात तो वाळत घातलेला असतो. राजधानीत. सावलीत.

मला तक्रार करायची नाही बरं का. व्यापाऱ्यानं तक्रार करू नये, गिऱ्हाईक पळतं. पण अमायी एनेलेसीचं जे झालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो. चिंगोंडोच्या बाजारात माझ्या दुकानाला खेटून तिची पाटी. उसिपा विकते, बोटाएवढे वाळवलेले मासे. आता कापडाच्या शेजारी उसिपा म्हणजे काय होणार? बायका ठाण नाकाला लावतात आणि म्हणतात, "कापड छान आहे हो बाबा, पण शिजवायचं कसं?" मी भांडलो नाही. सगळा बाजार तिला अमायी म्हणतो, आई म्हणतो, आणि आईशी भांडून कुणी दुकान चालवलंय का?

तर ही अमायी, आणि तिची सून टियामिके. मुलगा जोहान्सबर्गला कामाला, सून पोटुशी, पहिली खेप, आणि दवाखाना नदीच्या पलीकडे. नदीवर पूल होता. होता! वादळ आलं, पूल गेला. आता पूल जातो म्हणजे कुठे जातो? सरोवरात जातो, तिथे मासे त्याच्यावरून जात असतील. आम्ही माणसांनी मग निलगिरीचा एक ओंडका टाकला नदीवर. एकच. त्याच्यावरून बकरी जाते, शाळेची पोरं जातात, डोक्यावर पाटी घेऊन अमायी जाते. पण आठ महिन्यांची पोटुशी बाई जाते का? आणि नदी फुगल्यावर जाते का? आता टियामिकेचे दिवस भरणार ते नेमके नदी फुगायच्या वेळी. पोरं काय सभागृहाचं वेळापत्रक बघून येतात?

म्हणून अमायीनं आपल्या खासदाराला धरला. माननीय विक्लिफ चिम्तेंगो. उंच, गोरटेला, हसला की समोरच्याला वाटतं आपण काहीतरी जिंकलं. निवडणुकीत मतं मागायला आले होते तेव्हा त्याच ओंडक्यावरून गेले होते, बूट हातात घेऊन. मधोमध पोचल्यावर पाय लटपटायला लागले. तेव्हा पुढे होऊन हात कुणी धरला? अमायीनं. "खाली बघू नकोस लेकरा, माझ्या पाठीकडे बघ," असं म्हणत आणला त्याला काठावर. काठावर येताच माननीय काय म्हणाले? "आई, या ओंडक्याच्या जागी पूल झाला नाही तर चिम्तेंगो नाव लावणार नाही." हे सगळ्या बाजारानं ऐकलंय. नाव अजून लावतात. असो.

तर अमायी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली. माननीय म्हणाले, "आई, मी प्रश्न टाकलाय." अमायी म्हणाली, "अरे, मला पूल टाकून हवाय." "तसं नसतं आई. आधी प्रश्न टाकायचा, मग तो सभागृहात पुकारला जातो, मग मंत्री उभे राहून उत्तर देतात, आणि एकदा सभागृहात उत्तर दिलं की सरकार बांधलं जातं." अमायीनं विचारलं, "सरकार बांधलं जातं, की पूल?" ते म्हणाले, "आई, पद्धत ती पद्धत!"

हे वाक्य लक्षात ठेवा. त्या दिवसापासून आम्ही हेच खातोय, मक्याच्या घट्ट एन्सिमाबरोबर तोंडी लावायला.

वाट बघितली. बघितली. शेवटी रेडिओवर कळलं की अमक्या दिवशी कामकाजाच्या यादीत चिंगोंडोच्या पुलाचा प्रश्न आहे. अमायी म्हणाली, "मी जाणार. मंत्री उत्तर देताना त्याचं तोंड बघणार. तोंड बघितल्याशिवाय मी मासेसुद्धा घेत नाही." आणि मला म्हणाली, "तुम्ही चला. तुम्हाला राजधानी माहीत आहे." मला राजधानीतली ठोक कापडाची गल्ली माहीत आहे, सभागृह कुठे माहीत आहे! पण गेलो. आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो, पुढे लागेल. आदल्या दिवशी संध्याकाळी माननीयांचा माणूस माझ्याकडे आला होता. म्हणाला, "काका, ढोल पक्षाची कापडं पडून आहेत, बदलून होडीची द्याल का?" माननीय ढोल पक्षाचे, विरोधातले. होडीवाले सरकारात. मी दोन्ही विकतो, माझ्या दुकानात ढोल आणि होडी एकाच फळीवर शेजारीशेजारी झोपतात, कधी भांडले नाहीत. मला वाटलं, कुणाच्या लग्नाबिग्नाला हवी असतील. बघा, म्हणजे कापडाला बोट लावून सगळं सांगणारा मी, आणि माझ्या हातात तेव्हा सगळी बातमी घडी घालून दिलेली होती!

पोचलो. दारातच पहारेकरी. गोड माणूस, पण डोंगरासारखा आडवा. म्हणाला, "आई, हे कापड आत चालणार नाही." अमायी नेसून आली होती तिचं सगळ्यात चांगलं चितेंजे, ढोल पक्षाचं, आणि त्याच्यावर जागोजाग माननीय चिम्तेंगोंचं हसरं तोंड. दोन पुढे, दोन मागे. अमायी म्हणाली, "का नाही चालणार? हा आत बसतो की!" पहारेकरी म्हणाला, "ते आत बसतात आई, पण त्यांचा फोटो आत बसत नाही. पक्षाचं कापड, पक्षाची टोपी, काही नाही. पद्धत ती पद्धत!" बघा! त्यालाही पाठ! मग मी माझ्या पिशवीतून एक साधं निळं कापड काढलं. कापडवाला नमुना घेतल्याशिवाय लग्नालाही जात नाही, सभागृहाचं काय! अमायीनं ते वरून गुंडाळलं. म्हणजे आत माननीय, वर निळं. पहारेकरी म्हणाला, "आता ठीक." मी मनात म्हटलं, बाबा रे, आत जे बसलेत त्यांचंही असंच असेल की काय, वरून निळं आणि आत भलतंच!

वर सज्जात बसवलं. नियम सांगितले. टाळ्या वाजवायच्या नाहीत. बोलायचं नाही. वाकून बघायचं नाही. झोपायचं नाही. अमायीनं खाली बोट दाखवलं, "ते झोपलेत की!" पहारेकरी म्हणाला, "आई, ते सदस्य आहेत."

मग दार उघडलं आणि पांढरे हातमोजे घातलेला एक गडी खांद्यावर सोन्याचा दंडुका घेऊन आला. राजदंड. त्याच्यामागे झगा घातलेल्या अध्यक्षबाई. सगळे उभे. दंडुका टेबलावर ठेवला आणि सभागृह सुरू. तो नसेल तर म्हणे ते सभागृहच नाही, नुसती खोली आणि बसलेली माणसं. हे मला पटलं बरं का! आमच्यातही तराजू मांडल्याशिवाय दुकान उघडलं असं धरत नाहीत. पण तराजू मांडल्यावर आम्ही तोलतो काहीतरी!

पुढे एक विधेयक आलं. एक गृहस्थ उठले, विधेयकाचं नाव वाचलं, खाली बसले. झालं! पहिलं वाचन झालं म्हणे! अमायी मला कुजबुजली, "हा एवढंच वाचायला शिकलाय का?" मी म्हटलं, थांब, मला कळलं. तीन वाचनं असतात. पहिल्यांदा ठाण नुसतं दाखवायचं. दुसऱ्यांदा उलगडायचं, मग ज्याला वाटेल त्यानं बोट लावून नाक मुरडायचं. मग आत समितीत नेऊन मापायचं, कापायचं, उसवायचं. आणि तिसऱ्यांदा घडी घालून दोरी बांधायची. कापडच आहे हो ते! फरक एवढाच, की आमच्याकडे कापल्यावर गिऱ्हाईकाला अंगाला लावून बघता येतं. त्यांच्याकडे कापतात ते, आणि अंगाला लागतं आपल्या.

मग मतदान. मला वाटलं, मोजतील. छे! अध्यक्षबाई म्हणाल्या, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं." इकडून गर्जना, "होऽऽय!" "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं." तिकडून गर्जना, "नाऽऽही!" मी सांगतो, दोन्ही गर्जना सारख्या, तिकडची कणभर जास्तच. आणि अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "होयचं बहुमत आहे असं मला वाटतं." वाटतं! तुम्हाला सांगतो, मी जर गिऱ्हाईकाला म्हटलं की हे कापड चार हात आहे असं मला वाटतं, तर ती मला गजानंच मोजेल! पण तिकडे कुणी उठून मोजणी मागितली नाही, तर जे वाटलं तेच खरं. पद्धत ती पद्धत!

आणि बोलणं तर काय वर्णावं! दोन माणसं समोरासमोर बसलेली, हात लांब केला तर टोपी उडवता येईल, पण एकमेकांशी बोलायचं नाही. सगळं अध्यक्षबाईंना सांगायचं. "अध्यक्ष महोदया, समोरच्या सन्माननीय सदस्यांना विचारावं, त्यांना लाज वाटते का." "अध्यक्ष महोदया, त्यांना कळवावं, वाटत नाही." आमच्या शेजारचे नवराबायको भांडले की असंच. "सांग गं तुझ्या बापाला, मीठ संपलंय." "सांग तुझ्या आईला, मला दिसतंय." आणि खोटारडा म्हणायचं नाही. त्यावर बंदी. एकानं म्हटलं, तर शब्द मागे घ्यायला लावला. मग तो म्हणाला, "बरं, शब्द मागे घेतो. सन्माननीय सदस्यांची सत्याशी ओळख आहे, फक्त बऱ्याच दिवसांत भेट झालेली नाही." हे चाललं! बाकं वाजवली! अमायी म्हणाली, "हे मला आवडलं. बाजारात सांगते." मी म्हटलं, "कुणाला?" तर माझ्याकडेच बघितलं तिनं.

मग प्रश्नांचा तास. तास म्हणजे तास, संपला की संपला, उरलेले प्रश्न पुढे कधीतरी. आणि आमचा प्रश्न यादीत शेवटी शेवटी. अमायीनं निळ्या कापडाची गाठ मुठीत धरली. आधीचे प्रश्न चाललेत. एक मंत्री खताबद्दल बोलतोय, बोलतोय, खत जमिनीत मुरेल, पण त्याचं वाक्य मुरेना. तेवढ्यात एक म्हातारे सदस्य उठले, "अध्यक्ष महोदया, सभागृहात पुरेशी माणसं नाहीत!" आणि खरंच, बाकं रिकामी. झालं, घंटा! ट्रिंऽऽग ट्रिंऽऽग... आणि चहाच्या खोलीतून माननीय धावत यायला लागले. एकाच्या हातात अर्धा मांडासी, तो तळलेला गोड वडा, आणि अर्धा तोंडात. एकाला आत आल्यावर कळेना आपली बाजू कुठली. अमायी म्हणाली, "आमच्या कोंबड्या अशाच येतात, पण त्यांना घंटा लागत नाही." पहारेकरी, "शू, आई." माणसं भरली, खताचे मंत्री पुन्हा उभे राहिले, आणि घड्याळ? घड्याळ थांबलं नव्हतं. घड्याळाला कोरम लागत नाही.

अमायी सारखी माननीय चिम्तेंगोंची खुर्ची बघतेय. विरोधी बाकांवर, तिसऱ्या रांगेत. रिकामी! सदस्य जागेवर नसला तर प्रश्न बुडाला. तिनं माझा दंड धरला. "कापडवाले, हा आला नाही!" मी म्हटलं, "येईल, येईल." "अहो, टियामिके..." एवढंच म्हणाली.

आणि पुकारा झाला. "प्रश्न, माननीय सदस्य, चिंगोंडो!"

माननीय चिम्तेंगो उठले. पण कुठून उठले? समोरच्या बाजूनं! सरकारी बाकांवरून, पहिल्या रांगेतून, नवा कोरा सूट, आणि तेच हसू! "अध्यक्ष महोदया," म्हणाले, "कालपासून मला सरकारात उपमंत्री म्हणून सेवेची संधी मिळाली आहे. सरकारनं सरकारला प्रश्न विचारायचा नसतो. त्यामुळे मी हा प्रश्न विचारू शकत नाही." आणि बसले.

आता माझ्या डोक्यात ती कापडं पेटली! ढोल बदलून होडी! पक्ष नाही बदलला बरं का त्यांनी. आमच्याकडे पक्ष बदलला तर खुर्ची जाते, म्हणून पक्ष कुणी बदलत नाही, नुसतं "देशासाठी सरकारबरोबर काम" करतात. कागदावर ढोल, बसायला होडी.

अमायी उठायला लागली. मी खाली बसवली. प्रश्न बुडाला म्हणून अध्यक्षबाई पुढच्याला पुकारणार, इतक्यात विरोधी बाकांवरून एक बाई उठल्या. माननीय आयरीन कापासुले, मूर्ती लहान, आवाज असा की माईक बंद केला तरी फरक पडू नये. "अध्यक्ष महोदया! चिंगोंडोच्या सदस्यांची अडचण मला समजते. आपली परवानगी असेल तर त्यांच्या वतीनं मी विचारते." अध्यक्षबाईंनी खाली बसलेल्या चिटणिसांकडे बघितलं, चिटणिसांनी जाडजूड नियमावली उलटली, पालटली, मान हलवली. परवानगी! कापासुलेबाईंनी प्रश्न वाचला. चिंगोंडोच्या नदीवर पूल केव्हा होणार? अमायीनं डोळे मिटले. मी सांगतो, तिनं चर्चमध्येसुद्धा इतक्या मनापासून मिटले नसतील.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "माननीय रस्तेमंत्री!"

कुणी उठेना. रस्तेमंत्री परदेशी परिषदेला गेलेले. मग त्यांच्या जागी कोण उत्तर देणार? उपमंत्री. रस्तेखात्याचे उपमंत्री कोण?

माननीय चिम्तेंगो उठले.

तुम्ही हसता. तिथेही हसले. दोन्ही बाजू हसल्या, चिटणीस हसले, तो पांढऱ्या हातमोज्यांचा गडीसुद्धा राजदंडाकडे बघत ओठ चावत होता. फक्त सज्जात एक बाई हसली नाही. माननीयांनी कागद काढला आणि वाचलं, "अध्यक्ष महोदया, सरकारला या बाबीची जाणीव आहे. निधी उपलब्ध झाल्यावर, प्राधान्यक्रमानुसार, योग्य वेळी, उचित विचार केला जाईल."

कापासुलेबाई उठल्या. उपप्रश्न! "उपमंत्री महोदय स्वतः त्या ओंडक्यावरून कधी गेले आहेत का?"

"अध्यक्ष महोदया, ही माहिती आत्ता माझ्या हाताशी नाही. ती गोळा करून सभागृहापुढे ठेवू."

स्वतःचे पाय हो! स्वतःचे पाय कुठून गेले याची माहिती गोळा करणार! अमायी कडाडली, "अरे, मी हात धरला होता तुझा! लटपटत होतास!" पहारेकरी धावला. "आई! आई! इथून बोलायचं नाही!" "मग कुठून बोलू?" "प्रतिनिधीमार्फत!" "तो खाली खोटं बोलतोय तोच माझा प्रतिनिधी!" पहारेकरी बिचारा वाकून तिच्या कानात म्हणाला, "आई, खोटं म्हणू नका, तेवढ्यासाठी बाहेर काढावं लागेल."

आणि खाली कापासुलेबाईंचा दुसरा उपप्रश्न. "चिंगोंडोच्या खासदारांनी लोकांना पुलाचं वचन दिलं होतं, हे उपमंत्र्यांना माहीत आहे का?"

माननीय चिम्तेंगो ताठ उभे राहिले. चेहरा असा गंभीर, की मला क्षणभर वाटलं हा माणूस खरंच दुसरा कुणी आहे. "अध्यक्ष महोदया, चिंगोंडोच्या माननीय सदस्यांनी मतदारसंघात काय वचन दिलं, याची जबाबदारी सरकारवर येत नाही. अशी वचनं देण्यापूर्वी त्यांनी खात्याशी बोलायला हवं होतं. तरीही त्यांना बोलावून घेऊन त्यांच्याशी चर्चा केली जाईल."

तास संपला. राजदंड खांद्यावर गेला. सभागृह पुन्हा नुसती खोली झाली.

बाहेर गाठलंच माननीयांनी आम्हाला. हात पसरून, "आई! बघितलंत? तुमच्यासाठी दोन्ही बाजूंनी लढलो! प्रश्नही माझा, उत्तरही माझं! अशी संधी एखाद्यालाच मिळते!" अमायीनं त्यांच्याकडे खालून वर बघितलं. नवे बूट, नवा सूट, जुनं हसू. म्हणाली, "बरोबर आहे लेकरा. प्रश्न तूच, उत्तरही तूच. उंचीही चांगली आहे तुझी. आता चल माझ्याबरोबर, नदीवर आडवा पड आणि पूलही तूच हो."

माननीय हसले. ते कशालाही हसतात. म्हणाले, "आई, तुमची थट्टा! पण काय करणार..." मी म्हटलं, "पद्धत ती पद्धत!" म्हणाले, "बघा, काकांना कळलं."

परतीच्या मिनीबसमध्ये अमायी खिडकीशी बसली. मी म्हटलं, रडेल. रडली नाही. चिंगोंडोला उतरली ती थेट बाजाराच्या मधोमध गेली, उलट्या टोपलीवर उभी राहिली, आणि मका कांडायचं मुसळ मागवून समोर आडवं ठेवलं. म्हणाली, "हे इथे आहे तोवर हा नुसता बाजार नाही, सभा आहे. माझं म्हणणं असं, की नदीवर दुसरा ओंडका टाकायचा. पहिल्याला खेटून. मुखियाच्या रानात तोडून ठेवलेला आहे. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा!" आता फुकटचं होय कोण म्हणणार नाही? सगळा बाजार गरजला, "होऽऽय!" केळीवाला सिंकोन्डे तर असा ओरडला की त्याच्या घडातलं एक केळं गळून पडलं. अमायी म्हणाली, "बहुमत झालं. आता ज्याचा होय जितका मोठा, त्यानं ओंडक्याचं तितकं जाड टोक उचलायचं."

तुम्हाला सांगतो, एवढी शांतता मी सज्जातसुद्धा ऐकली नव्हती! सिंकोन्डे पुटपुटला, "अमायी, मी सहज म्हटलं होतं..." ती म्हणाली, "शब्द मागे घ्यायचा असेल तर अध्यक्षांना विचार." आणि अध्यक्ष तीच! मी कसलं होय म्हटलं होतं? मधलं. म्हणून मला मधला भाग मिळाला, अजून कमरेत कळ येते. पण नदी फुगायच्या आत दुसरा ओंडका पडला, दोन्ही दोरानं आवळले, वर फळ्या ठोकल्या, आणि दिवस भरायच्या सुमाराला टियामिके त्याच्यावरून चालत पलीकडे गेली. पुढे सासू, मागे सिंकोन्डे, आणि खाली पाणी पहिल्यापेक्षा बरंच वर. सासू म्हणत होती, "खाली बघू नकोस लेकरा, माझ्या पाठीकडे बघ." मुलगी झाली. नाव ठेवलं यान्खो, म्हणजे उत्तर. अमायी म्हणते, सरकारकडून यायला वेळ लागतोय, म्हटलं घरातच जन्माला घालावं. पोरीला पाठीला बांधते त्याच ढोल पक्षाच्या चितेंजेत. माननीयांचं हसरं तोंड बरोबर पोरीच्या बुडाखाली येतं, आणि दिवसातून चार वेळा ओलं होतं. तरी हसतंच. रंग पक्का आहे, माझ्याच दुकानचा.

संपलं असतं इथे. पण मग पुढचं अधिवेशन आलं. आम्ही बाजारात रेडिओ लावून बसलो होतो. कापासुलेबाई विसरल्या नव्हत्या. आवाज आला, "चिंगोंडोच्या पुलाबाबत सरकारनं काय केलं?" आणि मग आमचे उपमंत्री, खणखणीत, "अध्यक्ष महोदया, सभागृहाला कळवण्यास मला आनंद होतो, की सरकारच्या कारकिर्दीत चिंगोंडो येथील पुलाची रुंदी शंभर टक्क्यांनी वाढली आहे!" बाकं वाजली. किती वेळ वाजली! इकडे सिंकोन्डे कमरेवर हात ठेवून उभा, मी कमरेवर हात ठेवून बसलेला, आणि अमायी उसिपावरच्या माश्या हाकत म्हणाली, "खोटं कुठे बोलला? एकाचे दोन झाले, म्हणजे शंभर टक्केच की!"

आता यावर काय बोलणार? शब्द मागे घ्या म्हणावं, तर शब्द खरा. मोजणी मागावी, तर आकडा बरोबर. पद्धत ती पद्धत! तेव्हा मी काही मागत नाही तुमच्याकडे. गोष्ट ऐकलीत, पुढे चार जणांना सांगाल, त्यात मीठमसाला घाला, माझी कंबर वाटल्यास वगळा, अमायीला वाटल्यास मंत्री करा. फक्त एक करा मायबाप, हिशेब तेवढा सचोटीनं ठेवा. नदीवर ओंडके दोन. आमचे दोन.